वाळवंट चालून येत नाही



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी त्यांना आधीच सांगितले होते की, मी इतिहासाचा पदवीधर नाही. माझे शालेय शिक्षण आठवीपर्यंतचे. त्यापुढचे काही कारखान्याच्या फाटकावर झाले आणि उरलेले सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. कामगारांची संघटना बांधण्यात तीस वर्षे गेली. चालक म्हणाले, "वाचून आणि पाहून तुम्हांला जे पटले, तेवढेच सांगा." म्हणून मी आज दुष्काळाचा आणि वाळवंटीकरणाचा इतिहास सांगण्याचे धाडस करीत आहे. पाऊस कोठे किती पडला आणि किती पडला नाही, याची ही जंत्री नव्हे. जमीन मरू शकते हे जगाला केव्हा कळले, ते कोणी सांगितले, सांगताना काय चुकले आणि कळल्यावर जगाने काय केले, एवढाच माझा विषय आहे.

या विषयाशी माझी ओळख पुस्तकातून झालेली नाही. १९७२ च्या दुष्काळात मी आईच्या कडेवरचे मूल होतो. आई दुष्काळी कामावर खडी फोडीत असे आणि मला लुगड्याच्या झोळीत बाभळीखाली टाकीत असे. तिच्या तोंडी दोन गोष्टी कायम असत. एक सुकडी आणि दुसरी लाल मिलोची भाकरी. "ती भाकरी घशाखाली उतरत नसे, पण तिच्यावरच आपण जगलो," असे ती म्हणे. मिलो आला कोठून, असे विचारले तर "बोटीतून आला" एवढेच तिला ठाऊक.

पुष्कळ वर्षांनी वाचनालयात मला त्याचा पत्ता लागला. मिलो म्हणजे ज्वारीचाच एक प्रकार. ज्वारी मूळची आफ्रिकेतली, सुदानच्या बाजूची. तेथून ती जगभर पसरली, अमेरिकेत गेली आणि कॅन्सस, टेक्सस या राज्यांच्या कोरड्या मैदानांत पिकू लागली. अमेरिकेतून ती बोटीने आपल्याकडे आली आणि दुष्काळी कामावरच्या बायांच्या पदरात पडली. गंमत अशी की, आफ्रिकेचा तो कोरडा पट्टा, अमेरिकेची ती मैदाने आणि आपला दुष्काळी मुलूख, या तिघांनीही विसाव्या शतकात भयंकर दुष्काळ भोगला. त्या तीन दुष्काळांची हकिगत एका ओळीत मांडली म्हणजे पुष्कळ गोष्टी उलगडतात.

प्रथम अमेरिकेकडे वळू. रॉकी पर्वताच्या पूर्वेला जे विस्तीर्ण मैदान आहे, तेथे मुळात गवत होते. त्या गवताच्या मुळ्यांनी माती धरून ठेवली होती. पाऊस बेताचा आणि वारा मोठा. १८६२ च्या कायद्याने सरकारने वसाहतकऱ्यांना माणशी १६० एकर जमीन देऊ केली. जॉन वेस्ली पॉवेल नावाच्या भूवैज्ञानिकाने १८७८ साली सरकारला अहवाल देऊन बजावले की, हा कोरडा मुलूख आहे, येथे पूर्वेकडची शेती चालणार नाही, आणि एवढ्या लहान तुकड्यावर कुटुंब जगणार नाही. त्याचे कोणी ऐकले नाही. जमीन विकणाऱ्यांनी आणि रेल्वे कंपन्यांनी लोकांना वेगळेच सांगितले. नांगर फिरला की त्याच्या मागोमाग पाऊस येतो, असा एक समज त्या काळी पसरवला गेला आणि भोळ्या लोकांनी तो खरा मानला.

पुढे पहिले महायुद्ध आले. युरोपला गहू हवा होता. १९१७ साली अमेरिकन सरकारने गव्हाला बुशेलमागे दोन डॉलरांहून अधिक भावाची हमी दिली. बुशेल म्हणजे आपले सुमारे २७ किलो. तेव्हा जो तो गवत मोडून गहू पेरू लागला. ट्रॅक्टर आले, तव्यांचे नांगर आले. युद्ध संपले, भाव उतरले, तेव्हा कर्जाचा हप्ता भरण्यासाठी शेतकऱ्याने आणखी जमीन मोडली. केवळ १९२५ ते १९३० या पाच वर्षांत दक्षिणेकडच्या मैदानात ५० लाख एकरांहून अधिक गवताळ जमीन नांगराखाली आली. १९३१ साली गव्हाचा भाव ४० सेंटांच्या आसपास आला आणि त्याच सुमारास पावसाने दगा दिला. पीक नाही, गवतही नाही. उघडी, भुसभुशीत माती तेवढी उरली. ती वाऱ्याने उचलली.

मे १९३४ मध्ये एक वादळ असे उठले की, मैदानातली माती दीड-दोन हजार मैलांवरच्या न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन शहरांवर येऊन पडली. १४ एप्रिल १९३५ हा दिवस तर तिकडे 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. त्या दुपारी धुळीची काळी भिंत आली आणि माणसाला समोर धरलेला स्वतःचा हात दिसेना. माणसे, विशेषतः मुले, धुळीने फुप्फुसे भरून दगावली. दुसऱ्याच दिवशी एका वार्ताहराच्या मजकुरात 'डस्ट बाउल' म्हणजे 'धुळीची वाटी' हे शब्द आले आणि त्या मुलखाला तेच नाव चिकटले.

येथे ह्यू हॅमंड बेनेट या माणसाची आठवण केली पाहिजे. मातीची धूप हे राष्ट्रावरचे संकट आहे, असे तो १९२८ पासून सरकारी पत्रिका काढून सांगत होता. १९३५ साली काँग्रेसच्या समितीपुढे त्याची साक्ष झाली. पश्चिमेकडून धुळीचे वादळ राजधानीकडे येत असल्याची बातमी त्याला होती, म्हणून त्याने साक्ष मुद्दाम लांबवली आणि सभासदांना खिडकीतून अंधारलेले आकाश दाखवले, अशी गोष्ट सांगितली जाते. गोष्टीत थोडे मीठमसाला असेल. पण २७ एप्रिल १९३५ रोजी मृदासंधारणाचा कायदा झाला, हे मात्र सत्य आहे. त्यानंतर काम झाले. समतल नांगरट करणाऱ्याला सरकारने पैसे दिले. शेतकऱ्यांनी निवडलेली मृदासंधारण मंडळे स्थापन झाली. वारा अडवण्यासाठी उत्तर डाकोटापासून टेक्ससपर्यंत १९४२ पर्यंत सुमारे २२ कोटी झाडे लागली. सरकारने चित्रपट काढला, छायाचित्रकार खेडोपाडी पाठवले. लोकजागृती, विज्ञान, कायदा आणि पैसा या चार गोष्टी एकाच वेळी एकत्र आल्या. असे इतिहासात क्वचितच घडते.

पण मी कामगार चळवळीतला माणूस. माझी नजर दुसरीकडे जाते. त्या दशकात मैदानी राज्यांतून सुमारे २५ लाख माणसे घरदार सोडून निघाली. त्यांतली दोन लाखांच्या आसपास कॅलिफोर्नियात पोचली. तेथल्या बागायतदारांना जितके मजूर हवेत त्याहून किती तरी अधिक माणसे दारात उभी. साहजिकच मजुरी पडली. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तर राज्याच्या सीमेवर जाऊन कंगाल माणसांना परत पाठवण्याचा उद्योग केला. आणि ज्या १९३५ साली मातीला कायद्याचे संरक्षण मिळाले, त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकन कामगारांना संघटनेचा हक्क देणारा मोठा कायदा झाला. त्यातून शेतमजूर मात्र वगळण्यात आले. माती वाचवायची हे राष्ट्राला पटले; मातीवर राबणाऱ्याला वाचवायचे, हे पटायचे राहून गेले.

त्या काळातले एक छायाचित्र जगभर गाजले. वाटाणे खुडायला आलेली एक आई, चेहऱ्यावर चिंता, खांद्यांना बिलगलेली मुले. मार्च १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी ते काढले. ते वर्तमानपत्रात येताच त्या तळावरच्या उपाशी मजुरांसाठी २० हजार पौंड धान्य रवाना झाले. पण तोवर ती बाई मुलांना घेऊन कामाच्या शोधात पुढे निघून गेली होती. त्या चित्राने सगळे जग हळहळले आणि तिच्या पदरात काही पडले नाही. जागृतीची शक्ती आणि जागृतीची मर्यादा या एका प्रसंगात मला दिसते.

आता दुसरा अंक. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला आफ्रिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अर्धकोरडा पट्टा आहे. त्याला साहेल म्हणतात. उर्दू गाण्यांतला 'साहिल' आपल्या परिचयाचा आहे. शब्द तोच, अर्थ किनारा. वाळवंटाच्या समुद्राचा हा किनारा. आपली बाजरीही मूळची याच पट्ट्यातली. सेनेगल, मॉरिटानिया, माली, नायजर, चाड आणि त्या वेळचे अपर व्होल्टा म्हणजे आजचे बुर्किना फासो, हे सारे देश १९६० साली फ्रेंचांच्या अमलातून मुक्त झाले. त्या आधीची दहा-पंधरा वर्षे पाऊस उत्तम झाला होता. तेव्हा निर्यातीच्या भुईमुगासाठी शेती उत्तरेला, गुरचरणीच्या रानात शिरली. परदेशी मदतीतून खोल कूपनलिका खोदल्या गेल्या. पाणी वाढले म्हणून गुरे वाढली, पण चारा होता तेवढाच राहिला. १९६८ पासून पाऊस हटला आणि १९७३ पर्यंत तो नीट आलाच नाही. पाणवठ्याभोवती मैलोगणती जमीन खुरांनी तुडवून उघडी झाली आणि गुरे पाण्याशेजारीच भुकेने मेली. माणसेही मेली. मेलेल्यांचा आकडा एक लाखाच्या आसपास धरला जातो. त्याच वर्षांत या देशांतून कापूस आणि भुईमूग बाहेर जातच होता. १९७४ च्या एप्रिलमध्ये नायजरच्या अध्यक्षांची सत्ता गेली, त्यामागे मदतीच्या धान्यातल्या गैरकारभाराबद्दलचा लोकांचा रोष हेही एक कारण होते.

या दुष्काळाने जग हलले. 'वाळवंटीकरण' हा शब्द १९४९ साली ओब्रेव्हील नावाच्या फ्रेंच वनशास्त्रज्ञाने आपल्या ग्रंथातून रूढ केला होता. तो आता वर्तमानपत्रांत आला. २९ ऑगस्ट ते ९ सप्टेंबर १९७७ या काळात केनियातील नैरोबी येथे संयुक्त राष्ट्रांची जागतिक परिषद भरली. २८ शिफारशींचा कृतिकार्यक्रम मंजूर झाला. विसावे शतक संपेपर्यंत वाळवंटीकरण थांबवू, असे ठरले. कामासाठी खास खाते उघडण्यात आले. त्या खात्यात जमा झालेली रक्कम अगदी नगण्य होती. शतक संपले, आणि वाळवंटीकरण चालूच राहिले.

असे का झाले? श्रीमंत राष्ट्रांचा कंजूषपणा हे एक कारण आहेच. पण दुसरे कारण आपण सगळ्यांनी, विशेषतः चळवळीतल्या लोकांनी, नीट समजून घेतले पाहिजे. १९७५ साली ह्यू लॅम्प्रे या शास्त्रज्ञाने सुदानवर विमानातून पाहणी केली. १९५८ च्या नकाशाशी ताडून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की, सतरा वर्षांत वाळवंट ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला सरकले; म्हणजे वर्षाला साडेपाच किलोमीटर. हा आकडा जगभर झाला. सहारा दक्षिणेला चालून येत आहे, हे चित्र शत्रूसैन्याच्या चालीसारखे होते आणि ते लोकांच्या डोक्यात पक्के बसले. सैन्य येते आहे म्हटले की तट बांधायचा, ही कल्पनाही ओघानेच आली.

पुढे १९८० च्या दशकात स्वीडनमधील लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याच भागाचा पुन्हा अभ्यास केला. तेव्हा दिसले की, वाळवंटाची अशी एकसारखी आगेकूच होतच नव्हती. पाऊस कमी झाला की हिरवळीची कड दक्षिणेला सरकते, पाऊस आला की परत उत्तरेला जाते. लॅम्प्रे यांची पाहणी ऐन दुष्काळानंतरची होती आणि जुना नकाशा पाऊसमानावरून रेखलेला होता. साहेलचा पाऊस हटण्याचे मोठे कारण दूरच्या समुद्रांच्या तापमानातले बदल हे होते, असेही पुढील संशोधनातून दिसून आले. म्हणजे अनेक वर्षे सारा दोष गुराख्याच्या शेळ्यांवर आणि शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीवर टाकला गेला, तो पुष्कळसा अन्यायाचा होता.

याचा अर्थ जमीन बिघडत नाही असा मुळीच नाही. ती बिघडतेच, पण वाळू चालून आल्यामुळे नव्हे. विहिरीभोवती, गावाभोवती, उताराच्या शेतात, जेथल्या तेथे ठिपक्याठिपक्यांनी ती उजाड होते आणि मग ते ठिपके एकमेकांना मिळतात. १७ जून १९९४ रोजी पॅरिस येथे जो आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला गेला, त्यात हीच व्याख्या आहे : कोरड्या, अर्धकोरड्या आणि कमी ओलाव्याच्या प्रदेशांतील जमिनीची, हवामानातील चढउतार आणि मानवी व्यवहार यांसह विविध कारणांनी होणारी अवनती. हा करार आफ्रिकेतील राष्ट्रांनी आग्रह धरून करवून घेतला. २६ डिसेंबर १९९६ पासून तो अंमलात आला. आपल्या देशाने त्याच महिन्यात त्याला मान्यता दिली. १७ जून हा दिवस १९९५ पासून जगभर वाळवंटीकरण आणि दुष्काळ यांविरुद्धचा दिवस म्हणून पाळतात.

अतिशयोक्तीने काय होते, याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. तरुणपणी मी एका कारखान्याच्या फाटकावर पत्रक वाटले : महिन्याभरात टाळे लागणार! फाटकावर तुफान गर्दी झाली. महिना गेला, दोन गेले, टाळे लागले नाही. तीन वर्षांनी खरोखरच तशी पाळी आली, तेव्हा आमच्या पत्रकावर विश्वास ठेवायला चाळीस माणसेही आली नाहीत. दोष त्यांचा नव्हता. भीती दाखवून जमवलेली माणसे भीती ओसरली की घरी जातात. वाळवंट चालून येत आहे, असे सांगितल्यावर जग धावले. ते दिसेना तेव्हा जग दुसऱ्या कामाला लागले.

मग खरे काम कोणी केले? ते बऱ्याच अंशी ज्यांना दोषी ठरवले होते त्याच लोकांनी केले. बुर्किना फासोच्या उत्तर भागात याकुबा सावादोगो नावाचा एक शेतकरी होता. १९८० च्या सुमारास त्याने वडिलार्जित 'झाई' पद्धत सुधारून घेतली. उन्हाळ्यातच, दगडासारख्या झालेल्या जमिनीत वीतभर रुंद खड्डे घ्यायचे, त्यांत शेणखत घालायचे. खताला वाळवी येते, ती जमिनीत बिळे पाडते, आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या बिळांतून आत मुरते. खड्ड्यात बाजरी, ज्वारी पेरायची. लोक त्याला वेडा म्हणाले. त्याने वाढवलेले रान एकदा जाळलेही. त्याने ते पुन्हा उभे केले. २०१८ साली त्याला 'राइट लाइव्हलीहुड' पारितोषिक मिळाले. डिसेंबर २०२३ मध्ये तो वारला.

शेजारच्या नायजरची हकिगत तर मला त्याहून बोलकी वाटते. फ्रेंच अमदानीपासून तेथे कायदा असा की, शेतातले झाडही सरकारचे. तेव्हा शेतकरी करीत असे काय? रोप उगवले की नांगरून टाकीत असे. दुसऱ्याच्या मालकीचे झाड आपल्या शेतात कोण वाढवील? १९८४ च्या दुष्काळानंतर तो अंमल हळूहळू ढिला झाला. जुन्या खोडांच्या जिवंत मुळांतून जे धुमारे फुटत, त्यांतले चांगले राखून बाकीचे छाटायचे, एवढे साधे तंत्र टोनी रिनाउडो या ऑस्ट्रेलियन कार्यकर्त्याने १९८३ पासून गावोगाव सांगितले होते. झाड आपले आहे असे वाटू लागताच शेतकऱ्यांनी ते राखले. वीस वर्षांत सुमारे ५० लाख हेक्टर जमिनीवर पुन्हा झाडे उभी राहिली. रोपवाटिका नाही, कुदळ-फावडे नाही, उद्घाटन नाही. मालकीचा प्रश्न सुटला आणि जमीन हिरवी झाली.

आता पुन्हा आपल्या घरी येऊ. साहेलमध्ये माणसे मरत होती त्याच वेळी, १९७२-७३ साली महाराष्ट्रातही पीक बुडाले होते. ज्याँ द्रेझ या अर्थशास्त्रज्ञांनी या दोन दुष्काळांची तुलना केली आहे. त्यांचे आकडे पाहिले की आश्चर्य वाटते, कारण दरडोई धान्योत्पादन साहेलच्या देशांपेक्षा महाराष्ट्रात कमी होते. तरीही येथे साहेलसारखे भूकबळी पडले नाहीत. कारण १९७३ च्या मे महिन्यात येथे सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामावर होती. हाताला काम आणि कामाला रोख मजुरी होती, म्हणून बाजारात धान्य येऊ शकले. ते काम आपोआप निघाले नाही. कचेऱ्यांवर मोर्चे गेले, घेराव झाले, तेव्हा कामे उघडली. वि. स. पागे यांनी आधीपासून मांडलेल्या कल्पनेतून १९७७ चा रोजगार हमी कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. काम मागणे हा हक्क ठरला. दुष्काळाच्या जागतिक इतिहासात महाराष्ट्राने घातलेली ही भर आहे आणि तिचा अभिमान बाळगायला हरकत नाही.

पण त्या अभिमानात एक काटा आहे. माणसे जगली, तशी जमीन सावरली का? भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या उपग्रह-नकाशांप्रमाणे २०१८-१९ साली देशातील ९ कोटी ७८ लाख हेक्टर जमीन अवनत होती. म्हणजे एकूण भूभागाच्या जवळजवळ तीस टक्के. हे वाळवंट राजस्थानातून चालत आलेले नाही. ते आपापल्या तालुक्यात, उघड्या माळावर, उतारावरच्या शेतात जागच्या जागी तयार झाले आहे.

आमच्या गावाबाहेर खडीचे ढीग होते. आई आणि तिच्याबरोबरच्या बायांनी दिवसभर हातोडा मारून फोडलेली ती खडी. रस्ता झालाच नाही. मी कळता झालो तरी ते ढीग तसेच होते आणि आम्ही पोरे त्यांवर खेळत असू. दोन कोस अलीकडच्या गावात मात्र त्याच दुष्काळात, तसल्याच बायांनी, तेवढ्याच मजुरीवर पाझर तलाव खोदला. त्याच्याखालच्या विहिरींना अजून शिमग्यापर्यंत पाणी असते. दोन्हीकडे घाम सारखाच गळला. फरक एवढाच की, काम कोणते निघावे हे एका गावाने भांडून ठरवले आणि दुसऱ्या गावाने जे निघाले ते केले.

आपण शहरात राहतो. नळ सुटला नाही म्हणजे आपल्याला दुष्काळ कळतो, आणि टँकर आला म्हणजे तो विसरतो. यंदा १७ जूनला कोणी भाषणे करतील, कोणी झाडे लावतील. ते जरूर करावे. मात्र त्याबरोबर दोन प्रश्न आपल्या जवळच्या कोरड्या तालुक्याविषयी विचारावेत. तेथे पाणी अडवण्याचे कोणते काम चालू आहे, आणि ते करणाऱ्या बाईला मजुरी वेळेवर मिळते का? ही माहिती मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. आई आता नाही. तिने फोडलेली खडी कोणाच्या उपयोगी पडली नाही, ही गोष्ट तिला शेवटपर्यंत लागून राहिली होती. पुढच्या दुष्काळात दुसऱ्या कोणाच्या आईवर ती पाळी येऊ नये, एवढ्यासाठी हा इतिहास सांगितला.